लान्सरच्या स्प्रिंगा

माझ्या लान्सरच्या स्प्रिंगा वर्षभरात दोनदा बदलल्या. पहिल्यांदा हौसेने, दुसऱ्यांदा हिशेब करून. मधल्या काळात आईने मागच्या सीटवर बसायचं सोडलं, बायकोने गाडीला ‘टेम्पो’ नाव ठेवलं, आणि मला आमोणे पुलापासून बाणस्तारीपर्यंतचा प्रत्येक खड्डा पाठीच्या कण्याने पाठ झाला.

गाडी २००१ ची. मित्सुबिशीची, पण बनवलेली हिंदुस्थान मोटर्सने, चेन्नईजवळ तिरुवल्लूरला. दीड लिटर पेट्रोल. बाबांची गाडी, म्हणून विकायचा प्रश्न नाही. तिचं काम तीन प्रकारचं. रोज साखळीहून पणजी: माशेल, बाणस्तारी, जुने गोवे आणि मग रायबंदरचा तो १६३४ सालचा बांध. महिन्या-दोन महिन्यांनी चोर्ला घाट चढून बेळगावला बहिणीकडे. आणि वर्षातून एकदा चवथीला, म्हणजे गणपतीला, पेडण्याच्या मूळ घरी, पाच माणसं आणि डिकीत माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या) सामानासकट. हे तिसरं काम मी खरेदीच्या वेळी विसरलो होतो.

मूळ शॉकप, म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर, तेवीस वर्षांनी जसे व्हायचे तसे झाले होते. पुढचा डावा तेल गाळत होता. चोर्ल्याच्या वळणांवर गाडी आधी कलायची आणि मग वळायची. पुढचे एका बनावटीचे मिळत होते, मागचे भलत्याच, आणि दोन्हीकडे ‘चालून जाईल’ हीच हमी. माझ्या मेस्त्रीने नेहमीचा उपाय सुचवला, स्प्रिंगेचा एक वेढा कापू, गाडी खाली बसेल, कलणार नाही. गोव्यात अशा वेढे कापलेल्या गाड्या पुष्कळ फिरतात. वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते हे खरं, पण आखूडही होते. चाक खड्ड्यात पूर्ण लोंबलं की ती आपल्या बैठकीतून सुटते आणि परत बसताना वाकडी बसू शकते. ते मला नको होतं.

म्हणून कॉइलओव्हर. ज्यांनी पाहिले नसतील त्यांच्यासाठी सांगतो. शॉकपच्या नळीवर बाहेरून आटे पाडलेले असतात, त्यावर फिरणारी कॉलर, कॉलरवर सरळ उभी बारीक घेराची स्प्रिंग, आणि वर एक नॉब. लान्सरला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे शॉकपच चाकाला उभा धरतो, आणि मागे मल्टिलिंक, म्हणजे चाक धरायला अनेक आर्म. दोन्हीकडे स्प्रिंग शॉकपवरच असते, त्यामुळे चारही कोपरे बदलता येतात. मी तैवानी बनावटीचा संच घेतला. खालचा ब्रॅकेटही आट्यांवर फिरतो असा, म्हणजे स्प्रिंगेला हात न लावता उंची बदलता येते. एवढी एक निवड पहिल्याच फटक्यात बरोबर झाली. दुसरी म्हणजे वरचे माउंट, शॉकप वर गाडीला जिथे अडकतो ते, रबराचे मागितले. लोखंडी गोळ्याचे माउंट हातात घेऊन बघायला फार छान, पण आमच्या रस्त्यावरची तांबडी माती त्यात गेली की खडखड सुरू.

स्प्रिंगांचा आकडा मात्र मी विचारलाच नाही. संचासोबत पुढे आठ आणि मागे सहा आल्या. हा आकडा किलो प्रति मिलिमीटर असतो: आठच्या स्प्रिंगेवर आठ किलो ठेवले की ती एक मिलिमीटर दबते. विकणारा फोनवर म्हणाला, “आठ-सहा म्हणजे स्ट्रीट सेटिंग, सर. बसवा आणि विसरा.” कुठली स्ट्रीट ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

पहिल्या दिवशी गाडी अप्रतिम वाटली. मेच्या शेवटच्या आठवड्यात, कोरड्या रस्त्यावर, पणजीच्या अटल सेतूवर चढताना, मी एकटा. मग पाऊस सुरू झाला, रस्ता उघडा पडला, आणि मी नॉबशी खेळायला लागलो.

नॉब हा मोठा फसवा प्रकार आहे. तो फिरवला की क्लिक-क्लिक आवाज येतो आणि आपण काहीतरी केलं असं वाटतं. पण नॉबने स्प्रिंग मऊ होत नाही. शॉकप स्प्रिंगेचं उसळणं किती लवकर मारतो, एवढंच त्याने बदलतं. कडक स्प्रिंगेवर मी नॉब सैल करत गेलो, आणि गाडी मऊ व्हायच्या ऐवजी उड्या मारायला मोकळी झाली. गतिरोधकावरून उतरली की आणखी दोनदा नाचायची. घट्ट केला तर प्रत्येक खडा हातात यायचा. मधोमध ठेवला तर दोन्ही थोडं थोडं. चोवीस क्लिकमध्ये मला हवी ती जागा नव्हतीच, कारण ती नॉबमध्ये नव्हती, स्प्रिंगेत होती.

त्यात मी आणखी एक शहाणपणा केला. पुढचं टोक गतिरोधकाला घासायला लागलं म्हणून वरची कॉलर फिरवून स्प्रिंग दाबली. पंचवीस मिलिमीटर. उंची खालच्या ब्रॅकेटने वाढवायची हे मला माहीत होतं, पण त्यासाठी चाक काढावं लागतं आणि कॉलर नुसतं हात घालून फिरवता येते. आळस म्हणा. परिणाम असा झाला की पुढून ‘ठक्’ असा आवाज येऊ लागला, गतिरोधकावर चढताना नाही, उतरताना. मेस्त्रीने बॉल जॉइंट पाहिले, लिंक रॉड पाहिले, बुश पाहिले. सगळं ठीक. मग त्याने जॅकवर गाडी उचलून चाक हाताने खाली दाबलं आणि माझ्याकडे पाहिलं. चाक खाली यायला जागाच नव्हती. आठच्या स्प्रिंगेवर गाडीचा भार पडला की ती साधारण सदतीस मिलिमीटर दबते. त्यातले पंचवीस मी आधीच दाबून ठेवले होते. उरले बारा. म्हणजे चाक सव्वा सेंटिमीटर खाली गेलं की शॉकप पूर्ण उघडून स्वतःवरच आपटत होता.

“सर, तुम्ही शाळेत काय शिकवता?” त्याने विचारलं. गणित शिकवतो, हे मी त्याला सांगितलं नाही.

कॉलर परत सैल केली, पण चवथ जायची ती गेलीच. डिचोलीपर्यंत आई गप्प होती. अस्नोड्याच्या पुढे म्हणाली, “बाबा असते तर विकली असती ही.” तिच्या मांडीवरच्या नारळाच्या पिशवीतून दोन नारळ खाली आले होते. मागे तिघं आणि डिकीत सामान असताना गाडी मागून बसत नव्हती, उलट मागचं टोक पुढच्यापेक्षा सावकाश आणि उशिरापर्यंत डुलत होतं. घोड्यावर बसल्यासारखं, पण घोडा वेगळ्या दिशेला. ते का, हे मला तेव्हा समजलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी वही घेऊन बसलो.

पहिली गोष्ट, गाडीचं वजन. पुस्तकातलं नको, आपल्या गाडीचं, आपल्या टाकीतल्या पेट्रोलसकट. आमच्या भागात वजनकाट्यांना तोटा नाही. २०१८ च्या मार्चमध्ये खाणी पुन्हा थांबल्या तेव्हा कितीतरी काटे नुसतेच उभे राहिले. काही अजून चिऱ्यांच्या आणि भंगाराच्या गाड्या तोलतात. अशाच एका काट्यावर सकाळी लवकर गेलो. खिडकीतल्या माणसाने विचारलं, “माल कसलो?” म्हटलं, माल काही नाही, गाडीच. आधी पुढची चाकं एकटी चढवतो, मग पूर्ण गाडी, मग पुढची उतरवून मागची. त्याने खिडकीतून पूर्ण डोकं बाहेर काढून माझ्याकडे बघितलं. पैसे घेतले नाहीत. ‘डोकं फिरलेल्यांना सवलत’ असा काहीतरी त्याच्या चेहऱ्यावर भाव होता. पुढे ६४०, मागे ४२०, एकूण १०६०. काटा दहा-दहा किलोंनी वाचतो, मला तेवढं पुरे होतं. म्हणजे पुढच्या प्रत्येक चाकावर ३२०, मागच्यावर २१०. त्यातून चाक, टायर, ब्रेक आणि हब असं जे स्प्रिंगेच्या खाली असतं ते वजा करायचं. पुढे पस्तीस, मागे तीस धरले. स्प्रिंगेवर उरले पुढे २८५, मागे १८०.

दुसरी गोष्ट, स्प्रिंग खरंच आठची आहे का. हा भाग अंगणात झाला. मेस्त्रीने चारही शॉकप उतरवून दिले होते. स्प्रिंग लादीवर उभी केली, वर पोळपाटाएवढी लोखंडी पट्टी, आणि पडवीच्या खांबाला एक हात धरून मी वर चढलो. माझं वजन पंच्याहत्तर. मुलीने कंपासपेटीतली पट्टी लावून मोजलं, आधी आणि नंतर. “बाबा, हलू नका. श्वास सोडून धरा.” साडेनऊ मिलिमीटर. पंच्याहत्तरला साडेनऊने भागा, आठच्या जवळ येतं. सहाची साडेबारा दबली. म्हणजे छापलेला आकडा खोटा नव्हता, माझी निवड खोटी होती. शेजारच्या काकी कुंपणावरून बघत होत्या. त्यांना वाटलं व्यायाम चालू आहे.

मूळ स्प्रिंगेवर उभं राहणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून तिचा हिशेब तारेवरून केला. तारेची जाडी १२ मिलिमीटर, वेढ्याचा मध्यापासूनचा व्यास १३०, कामात येणारे वेढे पाच. स्प्रिंगेचा दर तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो आणि वेढ्याच्या व्यासाच्या तिसऱ्या घाताने घटतो. बाराच्या जागी तेराची तार घेतली तर एका मिलिमीटरने स्प्रिंग अडतीस टक्के कडक होते, हे मी वर्गात सांगितलं तर मुलं घातांक विसरणार नाहीत. पोलादाचा गुणांक घालून उत्तर आलं १.९. म्हणजे १.९ वरून मी थेट आठवर उडी मारली होती. चौपट!

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि तिच्याविषयी मला कोणी बोललंच नव्हतं. चाक जेवढं वर जातं तेवढी स्प्रिंग दबत नाही. शॉकप तिरका असतो आणि आर्मवर मध्येच कुठेतरी अडकवलेला असतो. गॅरेजमध्ये स्प्रिंगा काढून नुसते शॉकप लावले, हबखाली जॅक घेतला, आणि चाक चाळीस मिलिमीटर उचललं. पुढचा शॉकप अडतीस दबला. मागचा फक्त तीस. पुढे ०.९५, मागे ०.७५. आणि हा आकडा हिशेबात दोनदा येतो, एकदा अंतरासाठी आणि एकदा जोरासाठी. म्हणजे त्याचा वर्ग घ्यायचा. पुढे ०.९, मागे ०.५६. मागे सहाची स्प्रिंग लावली तरी चाकाला ती ३.४ चीच वाटते. पुढे आठची लावली तर चाकाला ७.२ ची.

इथे चवथीचा घोडा सापडला. स्प्रिंगेवरची गाडी एका सेकंदात किती वेळा वर-खाली होते ते काढायचा सोपा मार्ग आहे. गाडीच्या भाराने चाकाशी किती मिलिमीटर बसायला होतं ते काढा, त्याचं वर्गमूळ घ्या, आणि १५.८ ला त्याने भागा. पुढे २८५ भागिले ७.२, म्हणजे चाळीस मिलिमीटर, म्हणजे २.५ हर्ट्झ. मागे १८० भागिले ३.४, त्रेपन्न मिलिमीटर, २.१६ हर्ट्झ. साध्या घरगुती गाड्या एक ते दीडच्या मधे असतात, माझी मूळची पुढून १.२ होती. दोनच्या पुढे म्हणजे शर्यतीचा रस्ता. आणि मागचं टोक पुढच्यापेक्षा सावकाश. गतिरोधक आधी पुढच्या चाकाला लागतो. अडीच मीटरच्या व्हीलबेसला, ताशी चाळीसने, मागच्याला तो जवळपास पाव सेकंद उशिरा लागतो. मागचं टोक थोडं चपळ असेल तर ते पुढच्याला गाठतं आणि गाडी सपाट बसते. सावकाश असेल तर गाठतच नाही, दोन्ही टोकं आपापल्या तालावर डुलत राहतात. ही गोष्ट १९३०च्या दशकात जनरल मोटर्समध्ये मॉरिस ओली या इंजिनिअरने मांडली. आईने अस्नोड्याला.

मग वेगवेगळे आकडे घालून पाहिले. पुढे पाच घेतली तर दोन हर्ट्झच्या जवळ, सवयीने चाललं असतं, पण रायबंदरचा बांध रोज आहे. पुढे चार: चाकाशी ३.६, बसते एकोणऐंशी मिलिमीटर, १.७७ हर्ट्झ. मागेही चारच: चाकाशी २.२५, बसते ऐंशी. दोन्ही टोकं जवळजवळ सारखी. मेस्त्रीला हे पटायला वेळ लागला. “पुढे इंजिन आहे, मागे रिकामी डिकी, आणि दोन्हीकडे एकच स्प्रिंग?” त्याला मी जॅकवर ते अडतीस आणि तीस पुन्हा दाखवले. तेव्हा तो म्हणाला, “म्हणजे मागची पहार लांब आहे.” बरोबर. एवढं पान भरून मी जे लिहिलं ते त्याने चार शब्दांत सांगितलं.

चवथीचा हिशेब वेगळा केला. मागच्या ॲक्सलवर दोनशे किलो जास्त, म्हणजे चाकाला शंभर. मागे चारची असेल तर गाडी आणखी चव्वेचाळीस मिलिमीटर बसणार. पाचची असेल तर छत्तीस. आठ मिलिमीटरसाठी वर्षाचे तीनशे साठ दिवस कडक गाडी चालवायची, हे मला महाग वाटलं. चार पक्की केली.

विकत घेताना एक गोष्ट जवळजवळ राहूनच जात होती. मऊ स्प्रिंग जास्त बसते, म्हणून ती लांब हवी. माझ्या आठच्या स्प्रिंगा १८० मिलिमीटरच्या होत्या. चारची तेवढ्याच लांबीची घेतली असती तर भार आणि खड्डा मिळून वेढ्यावर वेढा बसला असता, आणि वेढे भिडले की स्प्रिंग उरत नाही, ठोकळा उरतो. २०० मिलिमीटरच्या घेतल्या, आणि पूर्ण दाबल्यावर तिची लांबी किती राहते ते विचारून घेतलं. आतला व्यास ६२. अडीच इंची म्हणून ज्या येतात त्या साडेत्रेसष्टच्या. दीड मिलिमीटरने काय होतंय म्हणून लावाल तर कॉलरवर सरकत राहतात आणि आवाज करतात. आल्यावर पुन्हा अंगणात उभा राहिलो. एकोणीसला जरा कमी. मुलीने ‘पास’ म्हणून वहीत लिहिलं.

शॉकप तेच ठेवले. स्प्रिंग निम्मी झाली की शॉकपचं काम निम्मं होत नाही. ते वर्गमूळाने कमी होतं, म्हणजे साधारण सत्तर टक्के उरतं, आणि नॉबमध्ये तेवढा वाव होता. पुढे मऊ बाजूने सातवा क्लिक, मागे पाचवा. तेव्हापासून नॉबला हात लावलेला नाही.

उंची मूळपेक्षा पंधरा मिलिमीटर खाली, एवढीच. जमिनीपासून नाही मोजायची, हबच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत, नाहीतर टायरची हवा मधे येते. अजून खाली घेतली असती तर दिसली छान असती, पण मॅकफर्सनवाली गाडी फार खाली बसवली की लोअर आर्म वरच्या दिशेला तिरका होतो आणि गाडी उलट जास्त कलते. कायद्याचंही पाहायला हवं होतं. गाडीतल्या बदलांविषयीचं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल हौशी लोकांना तोंडपाठ असतो. मी विमावाल्यांना लेखी कळवलं आणि मूळ सामान तेल लावून माळ्यावर ठेवलंय. अलाइनमेंट म्हापशाला केलं, पुढे कॅम्बर (चाकाचा वरून आत-बाहेर कल) उणे एक अंश, टो (चाकांचं समोरून आत-बाहेर वळणं) शून्य. उंची थोडी बदलली की टो बदलतो, म्हणून तिथे दोनदा जावं लागलं. दुसऱ्यांदा त्यांनी चहा दिला.

गोव्यात कॉइलओव्हरचा खरा शत्रू खड्डा नाही, खारी हवा. पहिल्या पावसात मेस्त्रीने आट्यांवर जुन्या सायकलच्या ट्यूबचा मोजा चढवला होता. ऑक्टोबरमध्ये काढला तर आत मातीचा चिखल बसलेला, आणि डावी कॉलर इतकी धरलेली की टॉमी लावून दोघांना ओढावी लागली. आता मोजा नाही. आट्यांना कॉपर ग्रीज, दर पंधरा दिवसांनी साध्या पाण्याचा फवारा, आणि दोन महिन्यांनी कॉलर अर्धा वेढा फिरवून परत जागेवर.

परवा चोर्ल्याने बेळगावला गेलो. केरीच्या पुढे चढ सुरू झाला, ट्रकमागे ट्रक. वळणावर गाडी आता आधी वळते आणि मग थोडी कलते, जे मला पहिल्यापासून हवं होतं. जांबोटीच्या अलीकडे रस्ता तुटलेला आहे तिथे आवाज झाला, पण तो डिकीतल्या काजूच्या डब्याचा. आई मागे बसली होती. बोलली काही नाही, फक्त परतताना पुन्हा मागेच बसली.

आठच्या स्प्रिंगा अजून पडवीत आहेत. मडगावच्या एका मुलाला हव्या होत्या, त्याला मी आधी काट्यावर जाऊन ये म्हटलं, तो परत आला नाही. त्यातल्या दोन उभ्या करून आईने वर फळी ठेवलीय आणि फळीवर अबोलीची मोठी कुंडी. कुंडी, माती, पाणी मिळून पंचवीस-तीस किलो असेल. म्हणजे दोन मिलिमीटरसुद्धा बसली नसेल. “ह्याला कशा बऱ्या आहेत बघ,” ती म्हणाली, “हलत नाही अजिबात.”